जॅकपॉट लागला, टीडीएस हरवला : रेसच्या पैशांचा माझा हिशोब

शर्यतीवर पैसे लावायची स्वतःची पद्धत कशी बसवली, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. खरं सांगायचं तर निम्मी पद्धत घोड्यांनी शिकवली आणि उरलेली निम्मी एका हिशोबनिसाने, तीही माझं डोकं फिरवून. घोड्यांचा भाग आधी उरकतो, कारण तो सोपा होता.

मी पुण्याचा, त्यामुळे माझा मुख्य हंगाम पावसाळ्यातला. रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची माहिती देणारं पुस्तक, वाचायला फार दिवस लागत नाहीत. पहिल्यांदा आकड्यांचं जंगल वाटतं, मग लक्षात येतं की हँडिकॅप शर्यतीत (जिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात) बघायचं असतं ते रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीचा आकडा, आणि वजन. चौथ्या क्लासात २० ते ४६ रेटिंगचे घोडे, तिसऱ्यात ४० ते ६६ चे. म्हणजे ४० ते ४६ मधला घोडा दोन्हीकडे धावू शकतो. वरच्या क्लासात गेला तर पाठीवर वजन कमी पण समोर तगडे घोडे, खालच्या क्लासात राहिला तर समोर सोपे घोडे पण वजन भरपूर. रेटिंगच्या एका पॉइंटला अर्धा किलो. माझा सगळा खेळ या मधल्या पट्ट्यातल्या घोड्यांवर चालतो. बाकीच्या शर्यती मी चहा पीत बघतो. ज्या शर्यतीत निम्मे घोडे आयुष्यात पहिल्यांदा धावणार, तिथे तर अजिबात हात घालत नाही. त्या घोड्यांची खरी माहिती तबेल्यात असते, रेसबुकात नाही.

पावसाळ्यात पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो, तो बघितल्याशिवाय रिंगमध्ये, म्हणजे बुकी भाव लावतात तिथे, जाऊ नका. मैदान किती मऊ आहे ते त्यावरून कळतं, आणि मऊ मैदानावर घोड्याने मागच्या शर्यतीला किती वेळ घेतला ते बघून काही उपयोग नसतो. पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, घोडा फिरत असताना मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस आलेला दिसला, तर मी ठरवलेला घोडासुद्धा सोडून देतो. हे शास्त्र आहे असं मी म्हणत नाही, पण त्याने माझे पैसे वाचलेत.

आता मूळ दुखणं.

सप्टेंबर २०२३ मध्ये मला जॅकपॉट लागला. पाच शर्यतींचे पाचही विजेते, ५२,००० रुपये. कुठल्या शहरातली खिडकी ते लिहीत नाही. तेव्हा १०,००० च्या वर जिंकलं की जागेवरच ३० टक्के टीडीएस कापायचे, आजही कापतात. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एका व्यवहारापुरती मोजली जाते, त्यावेळी वर्षभराची बेरीज धरत.) १५,६०० कापून ३६,४०० हातात आले. मी पॅनचा फॉर्म ठळक कॅपिटल अक्षरांत भरला, सवयीने त्याचा फोटो काढला आणि घरी आलो. इथपर्यंत सगळं झकास.

नोव्हेंबरच्या मध्यावर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता, उघडून बघितलं, तर त्यात काहीच नाही. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं आणि टीडीएस कापल्याचं १६ए हे सर्टिफिकेट १५ नोव्हेंबरपर्यंत मिळायला हवं. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, पुढच्या क्वार्टरला दिसेल." पुढच्या क्वार्टरलाही दिसलं नाही. मग "अकाउंट्सवाले शनिवारी नसतात", मग "आमचे सीए बाहेरचे आहेत, त्यांना विचारावं लागेल", मग "तुम्ही मेल टाका". मेल टाकला. उत्तर आलं की "टीडीएस भरला आहे." अहो, भरला असेल! पण कुणाच्या नावावर?

शेवटी एका दुपारी मी तिथल्या हिशोबनिसाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलो आणि रजिस्टर बघितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. त्याने कुरकुरत रजिस्टर काढलं. माझं नाव, रक्कम, तारीख, सगळं बरोबर. पॅनचं शेवटचं अक्षर 'व्ही', आणि त्यांनी चढवलं होतं 'यू'. मी मोबाइलवर माझ्या फॉर्मचा फोटो काढून पुढे धरला. तो बघून म्हणतो, "रिटर्न तर गेलं. आता बदलता येत नाही."

इथे मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. बदलता येतं. टीडीएस रिटर्नचं करेक्शन भरायची सोय आहे, पण ते ज्याने टीडीएस कापला त्यालाच भरता येतं, आपल्याला नाही. आपण कितीही हुशार असलो तरी त्या खुर्चीतल्या माणसाच्या मर्जीवर. गंमत म्हणजे पॅनचं शेवटचं अक्षर पडताळणीसाठीच असतं, त्यामुळे 'यू'वाला पॅन अस्तित्वातच नव्हता. त्यांच्या लॉगिनमध्ये तो चुकीचा म्हणून दिसतच असणार. पण ते उघडून बघायचं कुणी?

मग मी एक पानी पत्र केलं. वर तिकिटाचा आणि फॉर्मचा फोटो, खाली पॅन कार्डाची प्रत, आणि मजकुरात फक्त तीन गोष्टी: चुकीचा पॅन, बरोबर पॅन, आणि "कृपया करेक्शन स्टेटमेंट भरावे". रजिस्टर पोस्टाने पाठवलं. तोंडी विनंतीला कुणी विचारत नाही, पोचपावतीवाल्या कागदाला मात्र लगेच आवक नंबर पडतो. तरीही जुलै उजाडला. ३१ जुलै २०२४ ही रिटर्नची शेवटची तारीख. आमच्या सीएताईंचा सल्ला असा की टीडीएस दिसत नसला तरी तो मागून रिटर्न वेळेवर भरा, नंतर लढू. भरलं. त्यावर आयकर खात्याची सूचना आली की हा टीडीएस आमच्याकडे नाही, १५,६०० आणि वर व्याज भरा. जिंकलेल्या पैशांवर दोनदा कर भरायची पाळी आली, तेव्हा घरी "आणखी जा रेसला" हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

करेक्शन शेवटी दिवाळीच्या आसपास झालं. कुणी केलं, का केलं, मला कुणी कळवलं नाही. एक दिवस २६एएस उघडलं तर नोंद होती. मी ऑनलाइन रेक्टिफिकेशन, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, टाकलं आणि मागणी रद्द झाली. जॅकपॉट लागला तेव्हापेक्षा त्या रात्री मला जास्त आनंद झाला, हे अगदी खरं.

तर सल्ला: खिडकीवर पैसे घेताना पॅन त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. रांगेतले मागचे लोक ओरडतील, ओरडू देत. आणि पगारदार असलात तरी त्या वर्षी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. शिवाय कापलेल्या ३० टक्क्यांत सेस नसतो. ४ टक्के सेस आपला आपण भरायचा, माझे ते ६२४ रुपये झाले.

या काळात मी आयकर कायद्याचं कलम ११५बीबी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, पण आयकर कायद्याने तिला लॉटरी आणि शब्दकोड्यांच्या पंगतीत बसवलंय. जिंकलेल्यावर सरसकट ३० टक्के, मूळ सवलतीची मर्यादा नाही, आणि हरलेली तिकिटं वजा होत नाहीत. हंगामात ६०,००० घालवून ५२,००० मिळवले तरी कर ५२,००० वर. घोडे पाळणाऱ्या मालकाला खर्च वजा करता येतो, पंटरला, म्हणजे नुसते पैसे लावणाऱ्याला, नाही. दहा हजारांच्या आतल्या जिंकण्यावर टीडीएस कापला जात नाही म्हणून ते करमुक्त, असंही बरेच जण समजतात. तसं नाही, तेही दाखवायचं असतं.

जॅकपॉट मी तेव्हापासून सोडला. तसंही सट्ट्याच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झालाय. आता शंभर लावायला १४० मोजायचे. पैशाला पैसा भावाच्या फेवरिटवर लावून दोनशे परत आले तर फायदा ६० चा, हरलो तर १४० गेले. नुसतं बरोबरीत राहायला असा घोडा शंभरात सत्तर वेळा जिंकायला हवा. कोण जिंकतो इतका? दोनास एक भावालाही (शंभराला दोनशे फायदा) जवळपास ४७ वेळा जिंकावा लागतो.

म्हणून मी भाव बघण्याआधी वहीत स्वतःचा अंदाज लिहितो: या घोड्याला शंभरात किती संधी. मग रिंगमधला भाव करासकट त्याच्याशी ताडतो. बहुतेक वेळा उत्तर "लावू नको" असंच येतं. किती लावायचे याला जॉन केली या शास्त्रज्ञाचं १९५६ चं सूत्र आहे. पाचास एक भाव आणि माझ्या मते संधी २५ टक्के, तर कर नसेल तेव्हा ते सूत्र गंगाजळीच्या (शर्यतीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या) १० टक्के लाव म्हणतं. ४० टक्के कर धरला की तेच सूत्र जेमतेम २ टक्क्यांवर येतं. माझा २५ टक्क्यांचा अंदाज जरा फुगलेला असणार हे धरून मी त्याचंही निम्मं लावतो. हंगामाला २०,००० वेगळ्या खात्यात, एका शर्यतीला करासकट २०० च्या आसपास. संपले की संपले, घरखर्चाच्या खात्याला हात लावायचा नाही. आकडा महिनाअखेरीलाच बदलायचा, भर शर्यतीत नाही.

रिंगमध्ये कुणी "हरलात की डबल करा, एकदा लागला की सगळं वसूल" म्हणालं तर लांब व्हा. शंभरापासून डबल करत सलग आठ हुकले की २५,५०० गेले, कर सोडूनच. आणि चारात एक घोडा लागणाऱ्या माणसाचे सलग आठ हुकणं यात नवल काहीच नाही, दहात एकदा होतंच.

हो, एक राहिलंच. घोडा हरला म्हणून तिकीट लगेच फाडू नका. ऑब्जेक्शन, म्हणजे निकालावर हरकत, लागलं तर निकाल फिरू शकतो. स्टुअर्डांचं, म्हणजे शर्यतीच्या पंचांचं, 'ऑल क्लिअर' होईपर्यंत तिकीट खिशात ठेवा, आणि फोटो आधीच काढून ठेवा. उन्हात-पावसात त्या कागदावरची छपाई फार टिकत नाही.