दत्ताच्या तसबिरीतली कुत्री

आमच्या गोठ्याच्या मधल्या खांबाला दत्ताची तसबीर टांगलेली आहे. काच धुराने पिवळी पडलीय, कोपऱ्यात कोळ्याने बिऱ्हाड केलंय. तीन शिरं, सहा हात, मागे पांढरीशुभ्र गाय आणि पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्री म्हणजे चार वेद, असं कीर्तनकार सांगतात. असेलही. पण रोज पहाटे पाचला त्या तसबिरीखाली शेण भरताना मला एकच शंका येते. हे चित्र काढणाऱ्याने गाय आणि कुत्री एका दावणीजवळ कधी पाहिली असतील का? त्यातलं एकही कुत्रं कान खाजवत नाही, एकही गव्हाणीत तोंड घालत नाही. आणि गाय! पायात चार कुत्री असून तिने शिंग म्हणून उगारलेलं नाही.

आमच्याकडे लहानमोठी ११ जनावरं आहेत, सगळी डांगी जातीची, आणि कुत्री तीन. म्हणजे एक वेद कमी. तो कुठे गेला, ते पुढे येईलच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला डांगी सोडून दुसरं जनावर टिकणं अवघड. घाटघर-रतनवाडीकडचा पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा उसंत देत नाही. डांगीच्या कातडीला अंगचंच तेल सुटतं, पाणी वरच्यावर ओघळून जातं, आणि खूर असे कठीण की चिखलखडकात वर्षानुवर्षं चालले तरी तक्रार नाही. दूध मात्र बेताचं. डेअरीवर माझ्या किटलीकडे बघून आधी हसतात आणि मग फॅट लावतात. गाईच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन भागावर, ठरतो. शेजारच्या जर्सीवाल्याचं दूध कॅनमध्ये जातं, आमचं मापात. पण राजूरच्या डांगी प्रदर्शनात तोच शेजारी आमच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत अर्धा तास उभा असतो. असो, मला कुत्र्यांविषयी सांगायचं होतं.

वाघ्या थोरला. त्याची जागा फाटकात. डेअरीवाला पोरगा गेली सहा वर्षं रोज साडेसहाला त्याच मोटरसायकलवरून जातो आणि वाघ्या रोज त्याच्यावर असा भुंकतो, जणू हा माणूस आज प्रथमच पृथ्वीवर उतरला आहे. पोरगाही रोज पाय वर घेतो. दोघांचं काय ठरलंय कोण जाणे. टिकल्या धाकटा. धार काढायला बसलो की हा समोर येऊन बसणार आणि चरवीतल्या फेसाकडे एकटक बघणार. त्याच्यामुळे चांदी पान्हा लवकर सोडते, असं आईचं म्हणणं. मला तसं काही दिसलेलं नाही, पण तो नसला की चांदी मागे वळून बघते, हे खरं.

आणि चंपी. खरं कामाचं जनावर तेच. पण तिचं काम नेमकं काय, हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि तेही पुतण्यामुळे.

दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याहून आला होता. मोबाईलवर त्याने ऑस्ट्रेलियातली कुत्री दाखवली. बुटकी, गठ्ठ्यासारखी. रानटी डिंगोचं रक्त मिसळून तयार केलेली ही जात म्हणे. गाय रेंगाळली की मागून जाऊन टाचेला हलकेच दात लावते आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटते. मालक घोड्यावरून नुसती शीळ घालतो. एक शीळ डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी बसून राहा.

“नाना, आपण चंपीला शिकवू,” तो म्हणाला.

“शिकव,” मी म्हणालो. फुकटच्या शिक्षणाला नाही कशाला म्हणा?

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. जनावरं पांगली होती. पुतण्याने दोन बोटं तोंडात घालून झकास शीळ घातली. चंपीने एक डोळा उघडला, मिटला. पण चरणाऱ्या ११ जनावरांनी मुंड्या वर केल्या, कान टवकारले, आणि सगळी लगबगीने निघाली ती थेट ओढ्याकडे. आमच्याकडे शीळ घालतात ती जनावरांना पाणी पाजताना. पिढ्यान्पिढ्या घालतात. शीळ म्हणजे पाणी, एवढं डांगी वासरालाही कळतं. पुण्याच्या पोराला मी ते सांगायला विसरलो होतो. विसरलो म्हणजे, मुद्दामच विसरलो होतो.

त्या दिवशी बसल्या बसल्या मी चंपीकडे प्रथमच नीट पाहिलं. आमची हौशी नावाची गाय भारी ओढाळ. दिवस कलायला लागला की दुसऱ्याच्या नागलीत शिरणार. चंपी तिच्या मागे जात नाही. ती वळसा घालून पुढून जाते आणि ऐन तोंडापुढे फतकल मारून बसते. हौशीला कुत्र्याचा मनस्वी राग. ती मुंडी खाली घालून फुस्स करते आणि चंपीवर धावते. चंपी दहा पावलं पळून पुन्हा बसते. हौशी पुन्हा धावते. असं करत करत ती रागारागाने थेट गोठ्यात येते, आणि म्होरकी तीच असल्याने बाकीची मागोमाग. दारात पोचली की चंपी बाजेखाली, आणि हौशी ‘कशी पळवली!’ अशा तोऱ्यात दावणीला. ऑस्ट्रेलियात कुत्रं गाईला हाकतं. आमच्याकडे गाय कुत्र्याला हाकते आणि त्या नादात स्वतः घरी येते. पुतण्याने याचाही व्हिडिओ काढला, पण मधल्या सावरीच्या झाडाने घात केला.

दिवस असा हसण्यावारी जातो. रात्रीचा हिशेब वेगळा.

कुत्र्याचं भुंकणं ऐकून बाहेर काय आहे ते अंथरुणातून सांगता येतं. माणूस असला की लांबलचक, सरळ भुंकणं. कोल्हा असला तर मधे मधे हेल. भुंकत भुंकत आवाज लांब गेला की समजावं, रानडुक्कर आहे आणि पाठलाग चाललाय. पण ज्या रात्री तिन्ही कुत्री एकदम गप्प होतात, अंग चोरून बाजेखाली शिरतात आणि दातांतून बारीक कुंईकुंई येते, त्या रात्री मी उठतो. गोठ्यातलं रवंथ थांबलेलं असतं. ११ जनावरं रवंथ करताना केवढा आवाज होतो, हे तो थांबल्यावर कळतं. मग बॅटरी घ्यायची, पत्र्याचा डबा बडवायचा, दोन शिव्या हासडायच्या. बिबट्या निघून गेला की पहिल्यांदा चंपी बाहेर येते, मग टिकल्या. वाघ्या सकाळी.

चौथा भुऱ्या. तो मात्र बाजेखाली शिरत नसे. दोन वर्षांपूर्वी माघात एका रात्री तो फाटकापाशी भुंकत राहिला आणि मग भुंकणं मधेच तुटलं. सकाळी धुळीत फरफट दिसली, ओढ्यापर्यंत.

वन्यजीवांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच तालुक्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून त्याचं जेवण तपासलं होतं. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा होता ११ टक्के. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्रं मोकळं असतं. मी ते वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग ती राखण कशाने करतात असं वाटलं तुला? तोंडाने?”

नंतर मी बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून लोहाराकडून खिळ्यांचा गळपट्टा करून आणला. वाघ्याने तो घालून पहिल्याच दिवशी लाडात आईला अंग घासलं आणि तिचं नवं लुगडं गुडघ्यापासून फाडलं. पट्टा आता खुंटीला असतो, दत्ताच्या शेजारी.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. आमच्या डोंगरात त्याच दिवशी वाघबारस. गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात, आणि वर्षभर गुरांना सांभाळ म्हणून ज्याच्यापासून सांभाळायचं त्यालाच सांगतात. गाईला पूजा, वाघाला पूजा. दोघांच्या मधे रात्रभर जो उभा, त्याला एक फूलही नाही. नेपाळात याच दिवसांत कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कुकुर तिहार म्हणतात त्याला. हे मी एकदा आईपाशी काढलं. तिने नुसतं वाघ्याकडे पाहिलं. वाघ्या तेव्हा वसुबारसेच्या नैवेद्याचं ताट चाटत होता.

गेल्या वाघबारसेला पोरांनी सोंगं काढली. एक पोरगा घोंगडं पांघरून, तोंडाला हळद फासून, हातापायांवर रांगत, डरकाळ्या फोडत आमच्या फाटकातून आत आला. आणि जो वाघ्या खऱ्या बिबट्याच्या वासाने सकाळपर्यंत बाजेखालून हलत नाही, तो असा उसळला की दाव्याची गुरंही उभी राहिली. घोंगडं जागीच पडलं. वाघ पुढे, वाघ्या मागे, आणि सगळी वाडी हसत त्यांच्या मागे ओढ्यापर्यंत. वाघाची अर्धी चड्डी वाघ्याच्या तोंडात राहिली.

सकाळी त्या पोराची आई आली. चिंधी पुढे धरून म्हणाली, “मामी, हे बघा तुमच्या वाघ्याचं काम.”

आईने चिंधी उलटीपालटी करून पाहिली. मग किटलीतलं लिटरभर दूध तिच्या तांब्यात ओतलं आणि मला म्हणाली, “आजचं डेअरीला कमी जाईल.” वाघ्या फाटकात बसला होता. साडेसहा वाजत आले होते.