उजवा उजवीकडेच राहिला

आमच्या माशांना सकाळी आठला उजेड मिळतो. रात्रभर नर-मादीच्या मधे असलेली काचपट्टी तेव्हा काढायची, की अर्ध्या तासात अंडी पडतात. तिथून अठरा तास मोजले की रात्रीचे अडीच वाजतात. मेंदूतल्या जोडण्या कशा होतात ते बघायची नोकरी अशी रात्रपाळीची असते, हे नातेवाइकांना पटत नाही. "मेंदूचीच ना गं तू? मग विसरण्यावर काहीतरी दे."

मासा म्हणजे झेब्राफिश, क्रॉफर्ड मार्केटच्या अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे मिळतो तोच. त्याच्या मेंदूत मागच्या बाजूला डावी एक, उजवी एक, अशा दोनच मॉथ्नर पेशी. प्रत्येकीचा अ‍ॅक्सॉन (म्हणजे पेशीची लांब तार) मध्यरेषा ओलांडतो आणि पलीकडच्या बाजूने शेपटीकडे उतरतो. म्हणून उजव्या कानाशी खळबळ झाली की डावे स्नायू आखडतात आणि पिल्लू धोक्यापासून लांब वळतं. सगळं काही मिलिसेकंदांत.

हे ओलांडणं जिवंत बघायचं तर पिल्लू अ‍ॅगरोजमध्ये बसवावं लागतं, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते. अ‍ॅगरोज म्हणजे चायनाग्रासचाच भाऊ. जास्त गरम ओतलं तर पिल्लू शिजतं, गार झालं तर सुईने सरळ करेपर्यंत थिजतं. देह मिलिमीटरभर, पाठ भिंगाकडे, आणि केसभर कललं तरी रात्र वाया. या वयातही ती अंग मुडपत असतात, म्हणून आधी भूल.

जूनमधली मंगळवारची पहाट. साडेतीनला वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण सूक्ष्मदर्शकाच्या लेझरच्या यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि ती बदलायची फाइल आठ महिने टेबलाटेबलांवर फिरतेय. महागडं यंत्र आलं की फीत कापायला सगळे हजर, बॅटरीवर सही करायला कुणी नाही. पिल्लाचं त्यात काही बिघडलं नसावं. तापती तबकडी बंद, तसा एसीही बंद, आणि त्याला लागणारे साडेअठ्ठावीस अंश मुंबईची हवा फुकट देते. लेझर स्थिरावायला मात्र चाळीस मिनिटं गेली.

वीज जाण्याआधीच्या शेवटच्या चित्रात दोन्ही अ‍ॅक्सॉनांची टोकं मध्यरेषेकडे झुकलेली, बोटं पसरून चाचपडणाऱ्या पंजासारखी. पुढच्या चित्रात डावा पलीकडे पोचला होता. उजवा रेषेपाशी कोपरासारखा वळून आपल्याच बाजूने खाली निघाला होता.

रोबो-३ हे जनुक बिघडलं की असं होतं. माणसात ते बिघडलं तर मुलांना डोळे डावी-उजवीकडे फिरवता येत नाहीत, पाठीचा कणाही वाकत जातो. पण या पिल्लाची तपासलेली भावंडं सगळी धड होती, आणि याचाही डावा अ‍ॅक्सॉन व्यवस्थित गेलेला.

"एकच आहे, मॅडम. वगळून टाकू," आमचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी करून आलेला संशोधक, म्हणाला. हुशार मुलगा आहे, पण आलेख सुबक दिसावा याची त्याला फार घाई.

टाक्या सांभाळणारे मामा मात्र चित्र बघून म्हणाले, "मग हा उलटा पळणार काय?"

हे मला सुचायला हवं होतं. पिल्लू सुईने सोडवून वेगळ्या बशीत ठेवलं. शनिवारी ते पाच दिवसांचं झालं, छान पोहत होतं. सेकंदाला हजार चित्रं घेणारा कॅमेरा दुसऱ्या गटाकडे, सोमवारशिवाय मिळणार नव्हता. राहवेना, म्हणून पिल्लाच्या उजव्या कानाशी सुईचं टोक हलकेच लावलं. पिल्लू दिसेनासं झालं आणि बशीच्या कडेला सापडलं.

"सुईकडेच आला," मामा म्हणाले.

मला ते लांब गेल्यासारखं वाटलं होतं. पुन्हा केलं, तर आमची मतं बदलली, जुळली मात्र नाहीत.

सोमवारी कॅमेरा आला तेव्हा पिल्लू तळाशी आडवं पडलं होतं.

पोस्टडॉकने पाठवलेल्या तक्त्यात ती ओळ नव्हती. मी ती परत घातली आहे. फिल्ममध्ये चाळीस मिनिटांच्या जागी काळ्या चौकटी टाकल्यात, आणि त्यांच्या अलीकडचं नि पलीकडचं चित्र शेजारी ठेवून मी अजून बघत बसते. बॅटरीची फाइल सध्या तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणे.