ऑप्शन फॉर्म

शनिवार, रात्री

उद्या संध्याकाळपर्यंत इंजिनीअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, कन्फर्म करायचाय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे पहिल्या ओळीवरून घरात तीन दिवस चर्चा चाललीय. पुण्याच्या सीओईपीचा कटऑफ माझ्या आवाक्याबाहेर, तो विषय संपला.

दुपारी मामाचा पुण्याहून फोन आला. "अगं, सिव्हिल कोण घेतं आता? इकडे ये, कॉम्प्युटर घे, एक्स्पोजर मिळेल." त्याने सुचवलेल्या खासगी कॉलेजची फी दीड लाखाच्या पुढे, वर कॉट बेसिसवर राहणं, मेस. चार वर्षांचे दहा लाख सहज होतात. कराडच्या शासकीय अभियांत्रिकीची वर्षाची फी बाबांच्या एका पगारात बसते.

मुलींना फी माफ झालीय ना, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. झालीय, पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. आई-बाबा दोघंही झेडपीचे शिक्षक, म्हणजे आम्ही कागदावर श्रीमंत. घराचा हप्ता आणि धाकट्याची दहावी तो कागद बघत नाही.

"कर्ज काढू, त्यात काय," असं बाबा म्हणतात. ते माझ्यासाठी काहीही काढतील, म्हणूनच मी आज वही घेऊन बसले. मला पुढे एम.टेक. करायचंय, आयआयटी रुरकीला, भूकंप अभियांत्रिकीत. गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, देऊन गेलं तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. त्यात मी राहीन-जेवीन, पण कर्जाचा हप्ता काही निघणार नाही. शिकत राहिलं तर बँक हप्ते पुढे ढकलते म्हणे, पण व्याज चढतच राहतं. मग बी.टेक. झाल्या झाल्या मिळेल ती नोकरी धरायची आणि रुरकी विसरायची. गेटचा पेपर मात्र पुण्याच्या मुलीला आणि कराडच्या मुलीला एकच: गणित १३ गुणांचं, अॅप्टिट्यूड १५ चं, बाकी सिव्हिल.

भूकंपच का, हे मामाला सांगून पटणार नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी पाटणजवळच्या गावात नवी नवरी होती. ती अजून सांगते की भांडी आधी वाजली, मग भिंत आली. धरणाला भेगा पडल्या, नंतर त्याला मागून आधार देऊन मजबुती आणली. शिवसागरात, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयात, साठवलेल्या पाण्यामुळे झालेला भूकंप म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. आमच्याच भागात, गोठण्याजवळ, भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय, आणि ते काम बघणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा चक्क कराडात आहे. मामा म्हणतो ते एक्स्पोजर याहून वेगळं काय असतं? (कराडचं कॉलेज आणि रुरकीचा भूकंप विभाग, दोन्ही १९६० चे. योगायोगच आहे, पण वाचून उगाच बरं वाटलं.)

आई एवढंच म्हणाली, "चार वर्षांनी तुला रुरकी नकोशी झाली तर?" होऊ शकते. बारावीत असताना मला आर्किटेक्चर हवं होतं, ते तिला पाठ आहे. पण तसं झालं तरी कराडातून बाहेर पडताना डोक्यावर कर्ज नसेल, दुसरं काहीही करता येईल. दहा लाख घालून मन बदललं तर ते फार महागात जाईल. कॉम्प्युटरला पगार जास्त, हे मामाचं खरंच आहे. पण मला ते शिकायचं नाही, आणि न आवडणाऱ्या विषयात गेटइतका अभ्यास माझ्याच्याने होणार नाही.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण पाटण-कराड रोज ये-जा केली तर अभ्यास कधी करायचा? जवळची म्हणून हॉस्टेलला नंबर लागला नाही तर? कराडला शिकणारी एक सीनियर ताई उद्या सकाळी फोन करणार आहे, तिला हे आणि तिसऱ्या वर्षी गेट देता येतं तेव्हा सरावापुरतं द्यावं का, ते विचारायचंय.

यादी अशी: एक, कराड सिव्हिल. दोन, सांगलीचं वालचंद, सिव्हिलच. खाली आणखी चार शासकीय. मामाचं कॉलेज कुठेच नाही. त्याला ते कोणी सांगायचं हे आईवर सोडलंय. तिचा भाऊ आहे.