दुधाच्या हिशेबाखाली पोटाचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिला जातो. एक लिटर, दीड लिटर, पाहुणे आले की दोन. गेल्या कोजागिरीपासून त्याच चौकटींत खाली पेन्सिलीने मी माझ्या पोटाचा हिशेब लिहायला लागले. 'ग' म्हणजे गुबारा, 'क' म्हणजे कळ, 'धा' म्हणजे धावत जावं लागलं. असं चार महिने लिहिलं. आमच्या लेडीज डब्यातल्या तिघीजणींनी 'पोटाला लागतं' म्हणून दूध कायमचं सोडलंय, त्यांच्यासाठी आज हे सगळं एका जागी लिहिते आहे.

सुरुवात कोजागिरीलाच झाली. चरईतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दरवर्षी मसाला दूध असतं, चांगलं आटवलेलं. मी दोन पेले घेतले. रात्री अडीचला पोट फुगून जाग आली. सकाळी ठाण्याहून वाशीची गाडी पकडली आणि ऐरोली गेल्यावर कळ आली. लोकलला संडास नसतो. घणसोली येईपर्यंत मी दाराजवळचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होते, कपाळावर घाम. तिथून महाप्याच्या ऑफिसला शेअर रिक्षा असते, त्या दिवशी तिच्यात बसायचा धीर झाला नाही. हे एकदाच झालं असतं तर विसरले असते, पण मग आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं. सकाळी काही न खाता घराबाहेर पडायची सवय लागली. पन्नाशीला टेकलेल्या बाईने संडासाच्या भीतीने उपाशी राहायचं, ह्याचं मला फार वाईट वाटायचं.

घरात दोन मतं. सासूबाई म्हणाल्या, "दूध कधी बाधतं का गं? बाहेरचं अरबटचरबट बाधतं." धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, सगळा केमिकलचा खेळ आहे. पाकिटामागचे आकडे वाचा एकदा."

मी आधी डॉक्टरांकडे गेले, आणि ते बरं केलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे: शौचातून रक्त जातं का, वजन आपोआप उतरलंय का, ताप येतो का, रोज रात्री पोटाने झोपमोड होते का. ह्यातलं एक जरी असेल तर घरचे प्रयोग करत बसू नका, तपासण्या करा, असं त्यांनी बजावलं. माझं तसं काही नव्हतं. हिमोग्लोबिन ठीक होतं, गव्हाच्या त्रासासाठीची रक्ततपासणीही ठीक आली. मग ते म्हणाले, "दोन आठवडे दूध पूर्ण बंद करा, आणि मग परत सुरू करा. परत सुरू करणं हाच खरा तपास. लोक तेवढंच करत नाहीत."

दूध बंद करायचं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. चहा कोरा झाला, दही-ताक गेलं, ते सोपं होतं. पण बिस्किटात व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीची भुकटी, पावात दूध पावडर, मसाल्याच्या वेफर्सवरसुद्धा मिल्क सॉलिड्स. आइस्क्रीम नको म्हणून लेकीने फ्रोझन डेझर्टचा डबा आणला. त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलाचं फॅट असतं, एवढंच; दुधाची पावडर त्यातही होतीच. आणि त्रास दुधातल्या फॅटचा नसतो, साखरेचा असतो. लॅक्टोज ही दुधातली साखर पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि जगातल्या जवळपास दोन-तृतीयांश मोठ्या माणसांत ते लहानपणानंतर कमी होत जातं. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जंतू तिच्यावर जगतात आणि गॅस करतात.

दोन आठवड्यांत कालनिर्णयवरची अक्षरं कमी झाली, पण गेली नाहीत. आठवड्यात तीनाची एक झाली. ही जी एक उरली, तिने मला खरं कामाला लावलं. दूध नाही, तरी 'धा'.

मग दिरांचं ऐकून आकडे वाचले. जांभळी नाक्यावरून आणलेलं प्रत्येक पाकीट उलटं करून आयएनएस नंबर, म्हणजे खाण्यात घातलेल्या प्रत्येक ॲडिटिव्हचा ठरलेला आकडा, वहीत उतरवले. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातलंच. ५०० म्हणजे खायचा सोडा. ४१२ म्हणजे ग्वार गम, आपल्या गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक. नंबर आहे म्हणून ते विष ठरत नाही, हे मी दिरांनाही दाखवलं. ४६६ आणि ४३३ ह्या नंबरांच्या इमल्सिफायरचा (तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांचा) उंदरांच्या आतड्यांवर परिणाम दिसल्याचा अभ्यास २०१५ साली आला होता, तेवढं मी लक्षात ठेवलं आहे. पण माझ्या वहीत हे दोन्ही नंबर सापडले नाहीत.

सापडला तो ९६५. माल्टिटॉल, साखरेऐवजी घालतात तो अर्धवटच पचणारा गोड पदार्थ; अशा पदार्थांना पॉलिओल म्हणतात. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं म्हणून साखर कमी करायला सांगितली होती, तेव्हापासून रात्री जेवणानंतर गोडाच्या इच्छेसाठी मी शुगर-फ्री चॉकलेटच्या तीन-चार वड्या खात होते. वेष्टणावर, घडीच्या आत जाईल अशा जागी, पॉलिओलमुळे पोट सुटू शकतं अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. वर्षभर मी ते वेष्टण उघडत होते आणि ती ओळ वाचली नव्हती. ह्याच घराण्यातला सॉर्बिटॉल, ४२०, माझ्या पर्समधल्या शुगर-फ्री च्युइंग गममध्ये निघाला.

आता एकेक करून बघायचं ठरवलं. लेकीला कामाला लावलं. एक साधं दूध, एक लॅक्टोज-फ्री दूध, दोन्ही अडीचशे मिली. लॅक्टोज-फ्री चवीला गोड लागतं, कारण त्यात लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज आधीच झालेलं असतं. ते ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत हळद, वेलची, थोडा गूळ. कुठल्या रात्री कुठलं ते फक्त लेकीच्या फोनमध्ये. दर दोन दिवसांनी एक पेला, असे सहा पेले, आणि ह्या काळात चॉकलेट, गम बंद. शेवटी दोघी जमिनीवर कॅलेंडर पसरून बसलो. साध्या दुधाच्या तिन्ही रात्री 'ग' होता, एकदा 'क'. लॅक्टोज-फ्रीच्या दोन रात्री कोऱ्या, एकदा किंचित 'ग'. म्हणजे दूध बाधत होतं, सासूबाईंना ते पटलं नाही तरी. पण 'धा' एकदाही नाही.

मग एक आठवडा मोकळा ठेवून, दूध न घेता, शनिवारी रात्री चार वड्या खाल्ल्या. रविवारी सकाळी सातला 'धा'.

इथे मला ते उमगलं. दूध की केमिकल, असं आम्ही घरात चार महिने भांडत होतो, आणि आतड्याला दोन्ही सारखेच होते. न पचलेली साखर दुधातून येवो की चॉकलेटमधून, पुढे गेल्यावर होतं तेच. माझ्या वाईट दिवसांच्या आदल्या रात्री बघितल्या तर बहुतेक वेळा सासूबाईंनी प्रेमाने दिलेलं हळदीचं दूध आणि वर चॉकलेट, दोन्ही एकत्र होतं. एकेकटं थोडंसं असतं तर निभावलं असतं.

आता चहात दूध आहे, कपाला पन्नास-साठ मिली, दिवसात तीन वेळा. काही होत नाही. घरचं दही, ताक चालतं, विरजणातले जंतू बरंच लॅक्टोज आधीच संपवतात. पनीर चालतं, तूप तर प्रश्नच नाही. चक्का बांधला की लॅक्टोजचा मोठा भाग पाण्याबरोबर निथळून जातो, म्हणून वाटीभर श्रीखंड पोटाला जमतं. बासुंदी आणि खव्याचे पेढे जमत नाहीत, तिथे दूध आटवून सगळं एकवटलेलं असतं. गोडाची इच्छा झाली की दोन खजूर. गम पर्समधून काढलाय, बडीशेप ठेवते.

चिपळूणला आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला कुठे दूध पचायचं? तुझ्या आजीलाही नाही. म्हणून तर आपल्याकडे रोज ताक घुसळायचे." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू लहानपणी दोन-दोन पेले प्यायचीस. मला वाटलं तू बाबांवर गेलीस."

सासूबाई अजून रात्री विचारतात, दूध देऊ का. मी अर्धा पेला म्हणते. त्या पाऊण देतात, आणि पाव मी लेकीच्या पेल्यात ओतते.