आषाढात करांदा कोण खणतं?

मी तेव्हा मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनची रजिस्ट्रार, म्हणजे निवासी डॉक्टर, होते. जुलैत आमचा अपघात विभाग ओसंडून वाहायचा. उलट्या-जुलाब, मलेरिया, डेंग्यू, आणि पाण्यातून चालत आलेल्या प्रत्येकाच्या मनात लेप्टोची धास्ती. अशा गर्दीत तिशीच्या आतबाहेरचा एक सिक्युरिटी गार्ड आला. दुपारी जेवला आणि संध्याकाळपासून उलट्या थांबेनात. तांदळाच्या धुवणासारखे पांढरे पातळ जुलाब. इंटर्नने ‘गॅस्ट्रो’ लिहून सलाइन लावलं होतं. यात काहीच वावगं नव्हतं, त्या आठवड्यात दर तिसऱ्या खाटेवर तेच लिहिलेलं होतं.

पण तो म्हणाला, खाताना आधी जिभेला मुंग्या आल्या, मग घसा जळायला लागला. त्याच्या खोलीतल्या जोडीदाराकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत उकडलेल्या कंदाचा उरलेला तुकडा होता. आरेच्या बाजूला ड्युटी, कुंपणालगत पावसाने माती सुटलेली, तिथे कंद दिसला. आईच्या हातचे उकडलेले करांदे लहानपणी खाल्लेले. खणला, उकडला, मीठ लावून खाल्ला. जोडीदाराने एक घास घेऊन थुंकला म्हणून तो वाचला.

मी तुकडा उजेडात धरून बघत होते. खरं सांगायचं तर उकडलेला कंद हा उकडलेल्या कंदासारखाच दिसतो. वैद्यकाच्या पुस्तकात विषारी वनस्पतींची सुरेख चित्रं असतात, फुलांसकट. पेशंट मात्र फूल घेऊन येत नाही.

शेजारच्या बाकावर एक वारली आजी नातवाला मांडीवर घेऊन मलेरियाच्या रिपोर्टची वाट बघत होती. ती आरेतल्या पाड्यावरची, पावसाळ्यात स्टेशनबाहेर रानभाज्या विकणारी. आमच्या सिस्टर तिच्याकडून टाकळा घ्यायच्या म्हणून ओळखत होत्या. तिने कंदाकडे पाहिलंही नाही. थेट जोडीदाराला विचारलं, “कधी खणला?”

“आज सकाळी.”

“आषाढात करांदा कोण खणतं?”

एवढं बोलून तिने त्याची जी उलटतपासणी घेतली, तशी नीट हिस्टरी मी क्वचितच ऐकली आहे. वेल होता का? होता. पान कसं, विड्याच्या पानासारखं रुंद? नाही, लांब, अरुंद. पानाच्या टोकाला काय होतं? तो गोंधळला, मग आठवून म्हणाला, टोक शेपटीसारखं वळलेलं होतं, तारेला गुंडाळलं होतं. कंद गोल होता का, अंगावर केसासारखी मुळं? नाही, गुळगुळीत, दोन बाजूंना फाटे फुटलेला. आजीने नातवाचं डोकं दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “कळलावी. तिचं मूळ बाळंतपणाला बाहेरून लावतात. खात नाही कुणी.”

कारणही तिनेच सांगितलं. करांद्याचा वेल पावसात वाढतो. वेल वाळला की थंडीत कंद काढायचा, तेव्हा तो भरलेला असतो. त्यातही कडू जात निघाली तर चकत्या करून राखेत उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग खायच्या. आषाढात खणून जे हाती लागतं ते करांदा नव्हेच, हे तिला पान-कंद न बघताच ठाऊक होतं. तिच्या लेखी वनस्पतीची पहिली खूण म्हणजे महिना. आमच्या पुस्तकात तो रकाना शेवटून दुसरा असतो.

कळलावीत कोल्चिसिन असतं. गाउट या सांधेदुखीवर आम्ही तेच औषध देतो, अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत. जास्त झालं की ते पेशींचं विभाजन अडवतं, म्हणून ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्या आधी मरतात: आधी आतडं, मग रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा, शेवटी केसांची मुळं. यातली फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवसानंतर उलट्या ओसरतात, माणूस बरा दिसतो, आणि खरा धोका पुढच्या दोन-तीन दिवसांत येतो. गॅस्ट्रो समजून घरी सोडला असता तर तो परत आला असता, किंवा आला नसता. आम्ही त्याला पोटातलं विष शोषणारं चारकोल दिलं, आयसीयूत हलवलं आणि रोज रक्त तपासत राहिलो. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घसरल्या. नेमका उतारा आमच्याकडे नव्हता. जपायचं आणि थांबायचं एवढंच हातात होतं. तो तरला.

आता जे मला अजून खटकतं ते. केसपेपरवर मी लिहिलं होतं, ‘वारली भाजीविक्रेत्या आजींनी पान, कंद आणि हंगाम यांवरून कळलावी ओळखली.’ वरिष्ठांनी विचारलं, सोर्स काय? दुसऱ्या दिवशी जोडीदाराने कुंपणावरच्या वेलाचा फोटो आणला, एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो बघून दुजोरा दिला, आणि पेपरवर त्यांचं मत चढलं. माझी ओळ खोडली नाही, पण सारांशात ती आली नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करून घेतलं. तेव्हाही घरोघरच्या आज्या पुरावा म्हणून चालल्या नव्हत्या. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेख शोधून पुढे ठेवावा लागला. हळदीबद्दल कुठेतरी लिहिलेलं तरी होतं. या आजीचं काहीच लिहिलेलं नाही.

नातू मलेरियासाठी दाखल होता तोवर मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी बोलायचे. शेवळं पहिल्या पावसाच्या सुमाराला येतात, खाज मारायला काकड या झाडाची आंबट फळं हवीतच, नाहीतर घसा धरतो. टाकळा कोवळा असतानाच, जून झाला की कडवट. फोडशीच्या पात्यांचा खालचा पांढरा दांडा काढून टाकायचा. (फोडशीच्याच कुळातल्या पांढऱ्या मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. होय, आपल्या बोरिवलीवरून. लोकलमध्ये उभ्याने येणाऱ्यांना हे माहीत असायला हरकत नाही.) कुठल्याही झुडपाचा पाला सगळा ओरबाडायचा नाही, पुढच्या वर्षासाठी ठेवायचा. तिची शेवळांची एक जागा आता पत्र्यांच्या मागे गेली होती. ते तिने भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं आणि पुढच्या भाजीकडे वळली.

पेशंट फॉलोअपला आला तेव्हा त्याचे केस पुंजक्यांनी गळत होते. परत येतील म्हटल्यावर त्याने टोपी घातली आणि पहिला प्रश्न विचारला, थंडीत करांदे खाल्ले तर चालतील ना?

पुढच्या पावसाळ्याआधी मी इंटर्न्ससाठी तासभर ठेवला: पावसात येणारे कंद आणि पाले, प्रत्यक्ष दाखवून. आजीला बोलावलं. तिने आधी विचारलं, दिवसाची विक्री बुडेल त्याचं काय? रास्त प्रश्न. प्राध्यापकांच्या मानधनाचा हेड असतो, भाजीवालीच्या मानधनाचा नसतो. ऑफिसातून अर्ज दोनदा परत आला. शेवटी रक्कम ‘चहापान व किरकोळ खर्च’ या नावाखाली निघाली. आजीने नोटा मोजून कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि सांगितलं, टेबलावर मांडायला आणलेल्या भाजीचे पैसे वेगळे.