मिठाईत घालायची चिक्की वेगळी करा

संक्रांतीला नुसती खायची चिक्की आणि बासुंदीवर, श्रीखंडावर किंवा आईस्क्रीमवर घालायची चिक्की यांचं माप एक नाही. पहिली थोडी जाड झाली, दाताला जराशी चिकटली तरी चालून जातं. दुसरीला दुधा-दह्याच्या ओलाव्यात तग धरायचा असतो. ती पातळ हवी, पाक पुरता पक्का हवा आणि नुसत्या गुळावर भागवू नये.

आधी गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून समोर येईल तो रवा, म्हणजे गुळाची ढेप, चिक्कीला चालतो असं नाही. गुऱ्हाळात रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. ती नीट निघाली नसेल तर राहिलेला मळ घरच्या कढईत गुळाच्या आधी करपतो आणि चिक्की कडवट होते. रंगावर भाळू नका. फिकट पिवळा गूळ म्हणजे चांगला गूळ, असं काही नाही. किराणा दुकानात सरळ ‘चिक्कीचा गूळ द्या’ म्हणावं. पाघळलेला, हाताला ओला लागणारा गूळ पोळीच्या सारणासाठी ठेवा.

गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळ्या स्वरूपात असतात आणि दोन्ही, त्यातही फ्रुक्टोज, हवेतलं पाणी ओढतात. नुसती साखर कमी ओढते, पण तिच्या पाकाला परत दाणा धरण्याची खोड असते. निम्मी-निम्मी घेतली की गूळ साखरेला दाणा धरू देत नाही आणि साखर चिक्कीला कडकपणा देते. माझ्या मते मिठाईसाठी हेच प्रमाण सगळ्यात भरवशाचं.

१०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम साखर, ३ टेबलस्पून पाणी, सोललेल्या शेंगदाण्यांची १५० ग्रॅम भरड, १ टेबलस्पून तूप आणि चिमूटभर मीठ घ्या. काजू किंवा बदाम वापरले तरी वजन हेच. शेंगदाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटं भाजायचे, आतपर्यंत बदामी झाले पाहिजेत. आच मोठी केली की साल काळी पडते आणि आतला दाणा कच्चाच राहतो. चोळून, पाखडून साली काढा, भरड करा आणि ती कोमटच ठेवा. गार भरड पाकात पडली की पाक जागच्या जागी आळतो, भरडीवर नीट पसरत नाही आणि चिक्की भुगा होऊन सुटते.

ताटाला आणि लाटण्याला तुपाचा हात पाक करण्याआधीच लावून ठेवा. मग जाड बुडाच्या कढईत गूळ, साखर आणि पाणी मंद आचेवर विरघळवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, नंतर हात आवरायचा. कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने आत उतरवा. आता आच मध्यम. फेस आधी मोठा येतो, मग दाट आणि बारीक होतो, रंग गडद होतो. थर्मामीटर असेल तर १४५ अंश सेल्सियसला गॅस बंद. नसेल तर वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाका. थेंबाची मऊ गोळी झाली तर अजून वेळ आहे. गोळी टणक आहे पण चावल्यावर चिवट लागते, तर तेही कच्चंच, आणि घरच्या बहुतेक चिक्क्या याच टप्प्यावर घाईने उतरवल्या जातात. थेंब कट्कन मोडला, दाताला चिकटला नाही, की पाक झाला. इथून पुढे अर्ध्या-एक मिनिटात तो करपू शकतो, म्हणून तपासताना आच अगदी बारीक ठेवा.

तूप, मीठ आणि भरड घालून भराभर कालवा, ताटात ओता आणि ३ मिलिमीटर जाडीची लाटा. बटर पेपर वर ठेवून लाटलं तर लाटणं चिकटत नाही. वड्या पाडायच्या नाहीत. गार झाल्यावर हातानेच तुकडे मोडा.

सोडा घालावा का? पाव टीस्पून खाण्याचा सोडा शेवटी घातला की पाक फुलतो, चिक्की जाळीदार आणि चावायला हलकी होते. पण जाळी ओलावाही लवकर शोषते. लगेच वाढायच्या चिक्कीत घाला, आईस्क्रीममध्ये मिसळायच्या चिक्कीत नको. जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

आता वापर. नरसोबाच्या वाडीची बासुंदी आणली असेल तर ती गार करूनच वर चिक्की घाला, तीही वाटी हातात देताना. गरम दुधात गुळाची चिक्की टाकली तर दूध फाटण्याचा धोका असतो, कारण गूळ किंचित आंबट असतो. शेवयांच्या गरम खिरीसाठी म्हणून नुसत्या साखरेची चिक्की करावी. श्रीखंड मुळातच गोड, तेव्हा त्यात साखर थोडी कमी करून वाटीला एक टेबलस्पून चुरा पुरे. कोल्हापुरी कॉकटेलमध्ये, म्हणजे फळं घातलेल्या आईस्क्रीममध्ये, फळांचं पाणी सुटतं. तिथे चुरा दोन मिनिटांत विरघळतो, मोठे तुकडेच घाला आणि सगळ्यात वर.

घरच्या आईस्क्रीममध्ये चिक्की मिसळायची तर तुकड्यांना आधी वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर द्या आणि तो घट्ट झाल्यावर घाला. थर नसेल तर आठवड्याभरात तुकड्यांच्या जागी पाकाचे ओघळ मिळतात. अर्थात तेही काही लोकांना आवडतं!

पेढ्या-बर्फीसाठी चिक्की मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवली तर तापून पात्याला गोळा बसतो. पूड झाल्यावर आणखी फिरवत राहिलं की दाण्याचं तेल सुटून लोण्यासारखं वाटण होतं. २५० ग्रॅम परतलेल्या खव्याला असं ७०-८० ग्रॅम वाटण घालायचं, खवा कोमट झाल्यावर, आणि वेगळी साखर चव बघूनच.

चिक्की पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की तासाभरात चिकट होते, म्हणून जून ते सप्टेंबर लागेल तेवढीच करावी. चिकटलीच, तर ती गार दुधाबरोबर मिक्सरमध्ये घालून मिल्कशेक करा.