साठ शब्द आणि एक प्रश्न

5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपताना प्रत्येक मुलाला मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचता यावेत, 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि हे सगळं 2026-27 पर्यंत साधावं, असं त्याचं लक्ष्य. गट साधन केंद्रात विषय साधनव्यक्ती म्हणून हे लक्ष्य शिक्षकांच्या रोजच्या तासात उतरवायला मदत करणं माझ्याकडे आहे. आमचा भाग बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि वर्गातली बरीच मुलं त्यांच्यासोबत जातात. काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांपाशी राहतात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं असेल तर मात्र मुलीला कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, जावंच लागतं.

मार्चमधली शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक होती. विषय निपुण लक्ष्याचाच. सुरुवातीलाच एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "मॅडम, 2010 ला सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं, 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, मग अध्ययन निष्पत्ती आल्या. भिंतीवरचे तक्ते बदलले. पोरं तीच आहेत." कोणी हसलं नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि इतकी वर्षं मनापासून शिकवणाऱ्या माणसाचा तो थकवा होता. मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि त्याच शाळेतल्या तिसरीच्या दोन मुलींना वाचायला बोलावलं.

उतारा मी लिहून नेला होता. वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं, रामूने दोराला आणखी एक दोर बांधला आणि मग पोहरा आत सोडला, असा साधाच.

पहिली मुलगी वर्गातली हुशार. मिनिटात सत्तरच्या वर शब्द वाचले, एकही अडखळ नाही. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "रामूने दुसरा दोर का बांधला गं?" ती म्हणाली, "रामूने दोराला आणखी एक दोर बांधला." पुन्हा विचारलं, "पण का?" तिने पान बघितलं, बोट ओळीवर फिरवलं आणि तेच वाक्य वाचलं. खोली शांत झाली. तिच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पोरीला शाबासकी दिली, कारण तिने वाचलं होतं खरंच छान.

दुसरी मुलगी नुकतीच कारखान्यावरून परतलेली. "हिला राहू द्या मॅडम, चार महिने वर्गातच नव्हती," कोणीतरी म्हणालं. पण ती तोवर कागद घेऊन बसली होती. अक्षराला अक्षर जोडत वाचत होती, 'वैशाखात'पाशी दोनदा थांबली. मिनिट संपलं तेव्हा जेमतेम पंचवीस शब्द झाले होते. मी तिला थांबवलं नाही, उतारा पुरा करू दिला. मग तोच प्रश्न. ती लगेच म्हणाली, "पानी खाली गेलं म्हनल्यावर पयला दोर कसा पुरंल?"

यानंतर जी चर्चा झाली, तशी मी कुठल्याच प्रशिक्षणात ऐकली नव्हती. निपुण कोण? एक सर म्हणाले, अर्थ कळला म्हणजे झालं, घड्याळ कशाला? त्यावर मी आग्रहाने बोलले. वेग ही स्पर्धा नाही, पण शब्द जुळवण्यातच सगळी शक्ती गेली तर लांब वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातून निसटते. हा उतारा छोटा होता आणि विहीर तिच्या ओळखीची होती. चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात पंचवीस शब्दांवर तिचा निभाव लागणार नाही. लक्ष्यात 'साठ शब्द' आहेत तसंच 'समजून'ही आहे, आणि आपल्या नोंदीत मात्र फक्त आकडा उरला होता.

"माहिती भरायला रकाना एकच असतो," बाई म्हणाल्या. माहिती जशी मागतात तशी द्यावीच लागेल. पण वर्गाच्या वहीत रकाने आपले आपण आखू शकतो. त्यांनी तिथेच पानावर दोन रकाने पाडले, एक वेगाचा, एक अर्थाचा, आणि दोघींची कामं वेगळी ठरवली. पहिलीने प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून आपल्या शब्दांत सांगायचं. दुसरीने एकच उतारा आठवडाभर, आधी बाईंबरोबर, मग जोडीदाराबरोबर, मग एकटीने वाचायचा. पुढच्या हंगामात ती पुन्हा गेली, तर शिक्षण हमी पत्रकासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या शाळेत दाखवायला दिलं जाणारं पत्रक) या नोंदीही द्यायच्या, म्हणजे तिकडच्या शिक्षकांना तिला पुन्हा मुळाक्षरांपासून बसवावं लागणार नाही.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने एकेका उताऱ्यावर तीन प्रश्न काढले. ज्येष्ठ गुरुजींनी आपले वाचून दाखवले आणि स्वतःच म्हणाले, "यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं तर ओळीतच आहेत." ते दोन खोडून त्यांनी नवे लिहिले. पुढच्या परिषदेला प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दोन मुलांच्या अशा नोंदी आणायच्या ठरलं, आणि गुरुजींनी सुचवलं की त्यासोबत हातच्याच्या वजाबाकीचंही असंच बघू.